तिच्या वतीने

‘स्क्विड गेम’ आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलाय. तो करणाऱ्या ह्वांग डोंग-ह्युकचा त्याच्या दहा वर्षं आधीचा, २०११ चा एक सिनेमा आहे. कोरियन नाव ‘डोगानी’, इंग्रजीत ‘सायलेन्स्ड’. डोगानी म्हणजे धातू वितळवायची मूस. मी तो मागच्या वर्षी पुण्यात, फ्लॅटवर, मोबाइलवर पाहिला. एका बैठकीत झेपला नाही, तीन रात्री लागल्या. दुसऱ्या रात्री तर मध्येच थांबवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. त्या वेळी पडद्यावर मारहाण चालू नव्हती. एक म्हातारी बाई कागदावर सही करून बसली होती, एवढंच.

गोष्ट थोडक्यात सांगतो. कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत चित्रकलेचा नवा शिक्षक येतो. मुलं घाबरलेली असतात. हळूहळू त्याला कळतं की मुख्याध्यापक, त्याचा जुळा भाऊ आणि एक शिक्षक मिळून वर्षानुवर्षं मुलांवर अत्याचार करतायत, आणि गावातल्या पोलिसापासून चर्चपर्यंत सगळ्यांना मुख्याध्यापक फार सज्जन वाटतात. खटला उभा राहतो. मग आरोपींची माणसं मुलांच्या घरी पैसे घेऊन जातात. मिन-सू नावाच्या मुलाची आजी गरीब आहे, मुलाचा बाप अंथरुणाला खिळलेला. आजी तडजोडीवर सही करते. मिन-सूला हे कळतं तेव्हा तो हातांनी, रडत, विचारतो की मी माफ केलेलं नाही, मग माफ केलं कोणी?

गॅलरीत गेलो तो या प्रश्नामुळे.

सिनेमा कल्पित शहरात घडतो, पण शाळा खरी होती. ग्वांगजू शहरातली इन्ह्वा शाळा. तिथला प्रकार २००५ मध्ये बाहेर आला, काही जणांवर खटले चालले, शिक्षा इतक्या हलक्या झाल्या की काही लोक पुन्हा कामावर आले. गोंग जी-यंग या लेखिकेने वर्तमानपत्रातल्या बातमीत वाचलं की निकाल खुणांच्या भाषेत सांगितला गेला तेव्हा कोर्टात बसलेल्या बहिऱ्या लोकांच्या तोंडून न कळणारा आक्रोश उठला. त्या एका वाक्यावरून तिने २००९ मध्ये कादंबरी लिहिली. गोंग यू या नटाने ती लष्करी सेवेत असताना वाचली आणि यावर सिनेमा व्हावा म्हणून तोच मागे लागला. सिनेमा आल्यावर कोरिया पेटला. महिन्याभरात, ऑक्टोबर २०११ मध्ये, तिथल्या संसदेने कायदा बदलला. १३ वर्षांखालची मुलं आणि अपंग स्त्रिया यांच्यावरच्या लैंगिक गुन्ह्यांना असलेली मुदत काढून टाकली. लोक त्याला ‘डोगानी कायदा’च म्हणतात. शाळाही बंद झाली.

सिनेमाने कायदा बदलला ही गोष्ट आपल्याला फार आवडते, फॉरवर्ड करायला बरी असते. पण त्याच सिनेमाबद्दलची दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. कोरियन सिनेमांना कोरियाच्या थिएटरांत कोरियन सबटायटल्स नसायची. त्यामुळे ज्यांची ही गोष्ट, त्या बहिऱ्या लोकांना हा सिनेमा मोजक्याच ठिकाणी, सबटायटल्सच्या खेळांनाच बघता आला. त्यावरून त्यांना वेगळी चळवळ करावी लागली. मला मात्र पुण्यात कॉटवर पडून प्रत्येक वाक्य इंग्रजीत वाचता येत होतं.

आता तेरखेड्याकडे येतो, कारण गॅलरीत उभा राहिलो तेव्हा मी तिथेच होतो.

दिवाळीच्या आसपास सोलापूर-धुळे हायवेने गेलात तर येरमाळा मागे पडल्यावर रस्त्याकडेला फटाक्यांची दुकानं दिसायला लागतात. ते आमचं गाव. धाराशिव जिल्हा, वाशी तालुका. गावात फटाके बनवणारे कारखाने आहेत, त्यात काम करणारी बरीचशी माणसं आसपासचीच. कधी स्फोट होतो, माणसं जातात, बातमी येते, पुन्हा काम सुरू. आमच्याकडे दारू म्हटलं की पहिल्यांदा फटाक्यातली आठवते.

आमच्या शेजारी एक मुलगी होती. माझ्याहून वर्षाने मोठी. गावात तिला ‘मुकी’ म्हणायचे, हाकसुद्धा तीच, जी तिला ऐकू जाणार नव्हती. कारखान्याच्या आवाजाने ती बहिरी झाली असं बाहेरचे लोक समजायचे, पण ती जन्मतःच तशी होती. फटाके उडवायला तिच्याइतकं धीट कोणी नव्हतं. सुतळी बॉम्बची वात पेटवायची आणि मागे न बघता चालत यायची. आवाज झाला की नाही हे ती आमच्या तोंडाकडे बघून ओळखायची. आम्ही कान झाकले, डोळे मिटले, की हसायची.

तिच्या आणि माझ्या खुणा होत्या. कोणी शिकवलेल्या नाहीत, खेळता खेळता झालेल्या. काकी म्हणजे तिची आई, तिची खूण नाकावर बोट, चमकीमुळे. माझी खूण भुवईवर आडवी रेघ, कारण तिथे लहानपणीचा व्रण आहे. घरच्यांनाही थोड्या खुणा यायच्या. जेव, झोप, ये, जा, मारीन. बाकीचं मला विचारायचे. “काय म्हणायली रं ही?” हा प्रश्न मी लहानपणी इतक्यांदा ऐकलाय की अजून कधी झोपेत ऐकू येतो.

तिला लांबच्या एका निवासी शाळेत घातलं होतं. शाळेचं नाव, गाव मी लिहिणार नाही. दिवाळी आणि उन्हाळ्यात घरी यायची. २००८ ची दिवाळी संपली, तिला परत सोडायला तिचे मामा आले, आणि ती जाईना. हायवेवर एसटीची वाट बघत सगळे उभे. मीही होतो, अकरा वर्षांचा. ती काकीच्या पदराला धरून बसली. मामांनी हात ओढला तशी ती माझ्याकडे वळली आणि भराभर सांगायला लागली. कमरेशी किल्ल्यांचा जुडगा हलवल्यासारखं केलं. मग तोंडावर हात ठेवला. मग आणखी एक खूण केली, स्वतःच्या अंगावर. मग पुन्हा किल्ल्या.

मामांनी विचारलं, “काय म्हणायली रं ती?”

मी म्हणालो, “तिथं खोलीला कुलूप लावतेत म्हणायली.”

मामा म्हणाले, “मग? लेकरं पळून जाऊ नयेत म्हणून लावणारच की.” दोघं-तिघं हसले. एसटी आली.

किल्ल्यांची खूण कुलपाची नव्हती. ती एका माणसाची होती, जशी नाकावरचं बोट काकीची होती. हे मला तेव्हा कळलं होतं की नंतर कळलं, याची मी स्वतःशीच पुष्कळ उलटतपासणी केलीय. खरं उत्तर असं की अर्धं कळलं होतं. अंगावरची खूण कळली होती. ती चारचौघांत बोलायची गोष्ट नाही एवढं अकराव्या वर्षी पक्कं माहीत होतं. म्हणून तेवढी गाळली आणि उरलेल्याचा एक सोयीचा अर्थ लावला.

मी आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे ‘एरर गिळणं’ असा प्रकार असतो. खाली काहीतरी मोडतं, आरडाओरडा वर यायला हवा, पण मधल्या कोडने तो पकडून गुपचूप टाकून दिलेला असतो. वर स्क्रीनवर सगळं हिरवं. असा बग शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण तक्रारच आलेली नसते. त्या दिवशी हायवेवर मी ते मधलं कोड होतो.

तिथे तिच्याबरोबर काय झालं, हे या लेखात येणार नाही. तिच्याबद्दल जे लिहिलंय ते तिला विचारून लिहिलंय. जे लिहिलेलं नाही, तेही तिला विचारूनच.

मिन-सूच्या आजीचा राग करायला मी बसलो होतो, पण जमेना. तिच्यापुढे नोटांची गड्डी आहे, घरात आजारी मुलगा आहे, आणि कोर्टात काय होणार हे तिला आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. काकीचंही तेच. ती नगावर पैसे मिळणारं काम करायची, जितके फटाके वळले तितकी मजुरी. निवासी शाळा म्हणजे पोरीच्या दोन वेळच्या जेवणाची सोय, वर लिहा-वाचायला शिकणं. गावातली सगळी शहाणी माणसं सांगत होती की पाठव. अशा आईला पडद्यासमोर बसून नावं ठेवणं हा फार स्वस्त धंदा आहे. मला वाटतं प्रश्न माणूस चांगला की वाईट हा नाहीच. प्रश्न ‘वतीने’ या शब्दाचा आहे. दुसऱ्याच्या वतीने बोलायचा, सही करायचा, माफ करायचा अधिकार येतो कुठून, आणि तो संपतो कुठे?

कोरियात लैंगिक गुन्ह्यांचा खटला पीडिताच्या तक्रारीवर अवलंबून असायचा. तक्रार मागे घेतली की प्रकरण ढेपाळायचं. ती अट पूर्णपणे गेली २०१३ च्या जूनमध्ये. आपल्याकडे पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, आणि त्यात तडजोडीला जागा नाही. तरी स्टॅम्पपेपर येतोच. राजस्थानात एका शिक्षकावर अल्पवयीन विद्यार्थिनीशी लैंगिक गैरवर्तन केल्याचा गुन्हा होता. मुलीच्या वडिलांनी लिहून दिलं की गैरसमजातून तक्रार केली, आता काही म्हणणं नाही. उच्च न्यायालयाने त्यावर गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. असा गुन्हा बापाच्या तडजोडीने मिटत नाही, कारण तो खाजगी भांडणाचा विषय नाही. मिन-सूच्या प्रश्नाचं हे कायद्यातलं उत्तर म्हणता येईल. माफी ज्याची त्यालाच देता येते, बापालासुद्धा ती उधार मिळत नाही.

पण ‘वतीने’ फक्त गरीब आजी आणि घाबरलेले बापच वागतात असं नाही. सरकारही वागतं. फेब्रुवारी १९९४, पुण्याचं ससून रुग्णालय. शिरूरच्या शासकीय संस्थेत राहणाऱ्या, तेव्हाच्या भाषेत ‘मतिमंद’, अकरा मुलींची गर्भाशयं शस्त्रक्रियेने काढली गेली. कारण दिलं गेलं की त्यांना पाळीच्या वेळची स्वच्छता जमत नाही. स्त्री-संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते रस्त्यावर आले, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. पण पुण्यात नोकरी करताना ससूनवरून शेकडो वेळा गेलोय, आणि कॉलेजात असताना कुणीच हे सांगितलं नव्हतं.

त्या वेळच्या वादात शस्त्रक्रियेच्या बाजूने बोलणारे सगळे राक्षस नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की यात मुलींचं भलं आहे. काहींच्या मनात अशीही भीती होती की या मुलींवर अत्याचार झाला तर निदान गर्भ राहणार नाही. हे वाक्य पुन्हा वाचून बघा. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, अत्याचाराचा पुरावा थांबतो. जी मुलगी शब्दांत सांगू शकत नाही तिचं शरीर एखाद्या दिवशी सांगेल, ती वाटही बंद. संरक्षण नक्की कोणाचं झालं?

आणि अत्याचार काल्पनिक नव्हता. पनवेल परिसरातल्या एका संस्थेत, जिच्या नावातच ‘कल्याणी’ आणि ‘महिला बालसेवा’ हे शब्द होते, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींवर काय चाललं होतं ते २०११ मध्ये बाहेर आलं. मुंबई उच्च न्यायालयाने अशा संस्थांमधल्या मुलांच्या हालांच्या बातम्यांची स्वतःहून दखल घेतली होती, त्यातून नेमलेली समिती तपासणीला गेली आणि मुलींशी बोलली म्हणून. मार्च २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थापकासह काही जणांना दोषी ठरवलं. मला या प्रकरणातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. त्या मुली तिथे राहत होत्याच. रोज जेवत होत्या, रोज कुणाला तरी दिसत होत्या. नवीन काय झालं, तर ऐकायचं ठरवून कोणीतरी आत गेलं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. काही मुलांना खरंच स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत. लस द्यायची, ऑपरेशन करायचं, शाळा निवडायची, कोणीतरी त्यांच्या वतीने ठरवावंच लागतं. प्रत्येक वेळी मुलाच्या हो-नाहीवर थांबलं तर मूल जगणार नाही. मान्य. स्वायत्तता वगैरे शब्द पुण्यात बसून लिहायला सोपे आहेत, तीस वर्षांच्या मुलाला रोज अंघोळ घालणाऱ्या आईला ते ऐकवायची माझी हिंमत नाही. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. वतीने वागायचा अधिकार ऐकून झाल्यावर सुरू होतो, आधी नाही. ऐकणं म्हणजे मान डोलावणं नव्हे. त्या माणसाच्या भाषेत ऐकणं. ती भाषा खुणांची असेल, किंचाळण्याची असेल, अचानक जेवण सोडण्याची, एसटीत न चढण्याची असेल. ती मला येत नसेल तर उणीव माझी आहे, तिची नाही. आपण वर्षानुवर्षं उलटं धरून चाललोय की तिला बोलता येत नाही. खरं तर ती बोलत होती, हायवेवर, सगळ्यांसमोर.

आणखी एक साधी कसोटी मी स्वतःपुरती लावतो. या निर्णयाने सोय कोणाची होते? शिरूरला सोय कर्मचाऱ्यांची झाली. माझ्या भाषांतराने सोय मामांची झाली, आणि माझी. लाजेतून सुटलो.

‘इनोसंट विटनेस’ नावाचा २०१९ चा आणखी एक कोरियन सिनेमा आहे, ‘डोगानी’ बघून झोप उडाली असेल तर तो बघा, जरा मऊ आहे. खुनाच्या खटल्यात एकमेव साक्षीदार ऑटिझम असलेली मुलगी. आरोपीचा वकील तिला आपल्या बाजूने वळवायला तिच्या घरी जायला लागतो, आणि तिच्याशी बोलायचं तर आधी तिच्या पद्धतीने कोडी घालावी लागतात. पुढे तोच वकील कोर्टात तिची साक्ष कमकुवत ठरवायलाही बघतो. सिनेमा थोडा गोड होतो शेवटी. पण त्यात बदलावं लागतं ते वकिलाला. मुलीला ‘नॉर्मल’ करून कोर्टात आणलं जात नाही.

आपल्या कायद्यातही हे आता आलंय. २०१३ च्या दुरुस्तीनंतर अपंग पीडितेचा जबाब तिच्या सोयीच्या ठिकाणी, दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने घ्यायचा आणि त्याचं व्हिडिओ चित्रण करायचं. पॉक्सोच्या कलम २१ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असून न कळवणं हाच गुन्हा. एप्रिल २०२१ मध्ये, अंध मुलीवरच्या बलात्काराच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की अपंग व्यक्तीची साक्ष केवळ अपंगत्वामुळे कमी दर्जाची धरता येणार नाही. कागदावर हे सगळं चांगलं आहे. पण दुभाष्या आणायचा कुठून? आणि कोर्टाच्या आधी, पोलिसाच्या आधी, घरात, एसटी स्टँडवर? तिथे अकरा वर्षांचा पोरगाच उभा असतो.

दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा कोश काढला, २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला. व्हिडिओ फुकट आहेत. ‘डोगानी’ संपल्यानंतरच्या आठवड्यात मी ते बघायला लागलो. ऑफिसच्या बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून, मांडीवर हात हलवत. शेजारचा एकदा म्हणाला, “भाई, तबला शिकतोयस का?” हो म्हणालो.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला ती माहेरी आली होती. तिला मुलगी आहे, तीन वर्षांची, ऐकू येणारी, आईशी हातांनी आणि आज्जीशी तोंडाने भांडणारी. तिच्याकडे स्मार्टफोन आहे, मैत्रिणींचा व्हिडिओ कॉलचा ग्रुप आहे. ओसरीवर बसून ती कोणाशी तरी इतक्या वेगाने बोलत होती की मला दहातला एक शब्दही लागला नाही. लहानपणी गावात तिचा दुभाष्या मी. आता मीच अडाणी होतो. काकी चहा ठेवून गेल्या आणि सवयीने मला विचारलं, “काय म्हणायली रं?” मी सांगितलं, “काकी, मला नाही कळालं.”

तिने फोन ठेवला, माझ्याकडे बघून भुवईवर आडवी रेघ ओढली. म्हणजे मी. मी कमरेशी किल्ल्या हलवल्या. तिचा हात थांबला. पोरगी अंगणात फुलबाजीची तार घेऊन फिरत होती, तिच्याकडे तिने एकदा बघितलं. मग मी आठ महिने पाठ केलेलं वाक्य हातांनी मांडलं. तेव्हा. मी. चुकीचं. सांगितलं.

तिने बराच वेळ काही केलं नाही. मग पुढे झुकून माझा हात धरला, ‘चुकीचं’ची खूण मी चुकीची करत होतो, ती बोटं सरळ करून बसवली, आणि मागे सरून हाताने सांगितलं, पुन्हा बोल.